आळंदी डाळिंब : भगव्याची विसरलेली आजी

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर, दगडी पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती यांमुळे परिचित आहे. शेतीच्या दृष्टीने पाहिले, तर हा सारा परिसर तालुक्याच्या जिराईत पट्ट्यात मोडतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या गावांना लाभले, ती गावे उसाची झाली. ज्यांना ते लाभले नाही, त्यांनी ज्वारी-बाजरीवर आणि पावसाच्या भरवशावर दिवस काढले. विहीर, शेततळे आणि ठिबक यांची सोय झाली, तेव्हा अशा हलक्या, मुरमाड जमिनीत पैसे देणारे जे मोजके पीक उभे राहिले, ते डाळिंब होय. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेला फळबागांचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला आणि बारामती, इंदापूर, सांगोला, पंढरपूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत डाळिंबाच्या बागा वाढू लागल्या.

आज इंदापूरच्या बाजार समितीत किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात डाळिंबाचा लिलाव पाहिला, तर बहुतेक क्रेटमध्ये एकाच वाणाचे फळ आढळते. त्याचे नाव ‘भगवा’. काही भागांत त्यालाच शेंदरी किंवा अष्टगंधा असेही म्हणतात. व्यापाऱ्याला भगव्याची प्रतवारी, टिकवणक्षमता आणि भाव तोंडपाठ असतात. मात्र त्याची वंशावळ विचारली, तर उत्तर सहसा मिळत नाही. ती वंशावळ दोन पिढ्या मागे पुणे जिल्ह्यातच येऊन थांबते. लोणी भापकरहून मोरगाव, जेजुरी, सासवड असा प्रवास करून दिवे घाट उतरले, की पायथ्याशी वडकी हे गाव लागते. या गावाचे नाव एका जुन्या डाळिंबाला मिळाले होते. त्या वाणाचे अधिक प्रचलित नाव ‘आळंदी’. फलशास्त्राच्या ग्रंथांत ‘आळंदी अथवा वडकी’ अशी त्याची जोडनावाने नोंद असते. बाजारात मात्र आता हे नाव कोणी उच्चारत नाही.

हे फळ कसे होते, हे समजून घेण्यापूर्वी डाळिंबाची रचना ध्यानात घेणे इष्ट ठरेल. संस्कृतातील ‘दाडिम’ ते मराठीतील ‘डाळिंब’. इराण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान मानले जाते. बाहेर चिवट, तुरट साल आणि टोकाला मुकुट असतो. आत पातळ, पिवळसर पापुद्र्यांनी पाडलेले कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत दाणे दाटीने बसवलेले असतात. आपण ज्याला दाणा म्हणतो, ते वस्तुतः बीच होय. बीचे बाह्य आवरण रसाने फुगते आणि त्यालाच आपण गर समजून खातो. आंब्यात किंवा पेरूत गर वेगळा आणि बी वेगळी. डाळिंबात मात्र रस बीलाच लगडलेला असतो. म्हणून डाळिंबाच्या बाबतीत बी कठीण की मऊ हा प्रश्न गौण राहत नाही. खाणाऱ्याच्या दाताखाली ती प्रत्येक दाण्यासोबत येतेच.

जैन कुटुंबांना डाळिंबातील पापुद्र्यांचे महत्त्व निराळ्या कारणानेही ठाऊक आहे. बावीस अभक्ष्यांच्या गणनेत ‘बहुबीज’ हा एक प्रकार येतो. ज्या फळात बिया पुष्कळ, परंतु त्यांच्यामध्ये पडदा नाही, ते बहुबीज, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. वांगे आणि खसखस ही त्याची नेहमीची उदाहरणे. डाळिंबात शेकडो दाणे असूनही पापुद्र्यांनी त्यांचे कप्पे वेगळे केलेले असल्याने ते या गणनेत धरले जात नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्याचे अंजीर कितीही नावाजलेले असले, तरी उंबरवर्गातील फळ म्हणून ते अनेक जैन घरांत वर्ज्य असते. डाळिंबाला मात्र त्याच घरांत सहज प्रवेश मिळतो. पूजेच्या आठ द्रव्यांत ‘फळ’ हे द्रव्य श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांत अखेरीस येते. ज्या समाजाने फळाकडे इतक्या बारकाईने पाहिले, त्या समाजाला एखाद्या वाणाची कुळकथा परकी वाटण्याचे कारण नाही.

आता आळंदीकडे वळू. या वाणाचे फळ मध्यम आकाराचे. दाण्याचा रंग रक्तासारखा लाल किंवा गडद गुलाबी. रस गोड, पण त्या गोडीला किंचित आंबटपणाची धार. आणि बी अतिशय कठीण. पहिले तीन गुण वाचताना हे फळ का मागे पडले, असा प्रश्न पडतो. चौथा गुण वाचल्यावर त्याचे उत्तर मिळते. पश्चिम भारतात त्या काळी इतरही डाळिंबे होती. गुजरातेतील धोळका या गावाच्या नावाने ओळखले जाणारे फळ मोठे, हिरवट पांढऱ्या सालीचे, फिकट दाण्याचे आणि मऊ बीचे होते. राहुरीच्या बाजूला ‘मस्कत’ लावले जाई. उत्तरेकडून येणारे ‘कंधारी’ लाल खरे, पण तेही कठीण बीचेच. या पंक्तीत आळंदीची ओळख गडद रंग आणि आंबटगोड चव अशी होती.

या वाणाच्या इतिहासाला पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात वळण मिळाले. गणेशखिंडची बाग १८७३ मध्ये स्थापन झाली. तत्कालीन मुंबई प्रांताचे फलोद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी तेथे अनेक फळांवर निवड पद्धतीने काम केले. पेरूचा ‘सरदार’ किंवा ‘लखनौ ४९’ हा वाण आणि द्राक्षाचा ‘चीमा साहेबी’ हा वाण त्यांच्याच कामातून पुढे आले. निवड पद्धतीत नवे काही निर्माण केले जात नाही. निसर्गाने निर्माण केलेल्या विविधतेतून हवे ते ओळखले जाते. अनेक झाडे वर्षानुवर्षे न्याहाळायची, प्रत्येकाच्या फळाची नोंद ठेवायची आणि जे झाड इच्छित गुणांत इतरांहून सरस ठरेल, त्याची कलमे करून तो गुण स्थिर करायचा. १९३६ मध्ये डॉ. चीमा यांनी आळंदी डाळिंबातून अशीच एक निवड केली. तिचे फळ मोठे होते, उत्पादन भरघोस होते आणि मुख्य म्हणजे बी मऊ होती. प्रारंभी ‘जीबीजी १’ अशा सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाणाचे १९७० मध्ये ‘गणेश’ असे नामकरण झाले.

गणेशने महाराष्ट्रातील डाळिंबाचा व्यापार बदलून टाकला. लहान मुले आणि वृद्ध माणसे यांना जे फळ त्रासदायक वाटे, ते आता घरातील सर्वांना खाता येऊ लागले. दाणे सोलून वाटीत द्यावेत आणि कोणाला बी थुंकावी लागू नये, ही सोय साधी दिसली, तरी घराघरांतील मागणी अशा सोयींनीच ठरते. शेतकऱ्याला मोठे फळ आणि अधिक वजन मिळाले. अडत्याला ग्राहक मिळाला. डाळिंबाची अभिवृद्धी गुटी कलमाने सुलभ होते आणि कलमापासून वाढलेले झाड मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असते. त्यामुळे चांगल्या झाडाची कलमे सर्वत्र पसरली आणि आळंदीची कलमे करण्याचे कारण कोणाला उरले नाही. यात कोणाची फसवणूक नव्हती आणि कोणाचा दुष्ट हेतूही नव्हता. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला आणि त्या सर्व निर्णयांची बेरीज अशी झाली, की मूळ वाण बागांमधून नाहीसा होत गेला.

बाजाराची प्रतवारीही जुन्या फळांना अनुकूल नव्हती. आज देशांतर्गत व्यापारात डाळिंबाच्या आकारानुसार पायऱ्या केल्या जातात. ७५० ग्रॅमच्या वरचे फळ ‘सुपर’, ५०० ते ७५० ग्रॅमचे ‘किंग’, ४०० ते ५०० ग्रॅमचे ‘क्वीन’, ३०० ते ४०० ग्रॅमचे ‘प्रिन्स’ आणि त्याखाली ‘१२ ए’ व ‘१२ बी’. नावेच राजघराण्याची आहेत. त्यामुळे मध्यम आकाराच्या फळाला दरबारात कोठे बसावे लागेल, हे सांगायला नको. प्रतवारी हे व्यापाराचे आवश्यक साधन आहे, यात शंका नाही. तथापि प्रतवारी जे मोजते, तेच वाढते. आणि जे मोजत नाही, ते हळूहळू हिशेबातून बाहेर पडते. आकार वजनकाट्यावर मोजता येतो. गोडीमागची आंबट धार कोणत्याही काट्यावर उमटत नाही.

यापुढील प्रकरण व्यापाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. गणेशच्या दाण्याचा रंग आळंदीइतका गडद नव्हता. तो गुलाबीसर होता आणि उष्ण दिवसांत पोसलेल्या फळात तो आणखी फिका पडे. घरच्या बाजारपेठेत कित्येक वर्षे याची तक्रार फारशी झाली नाही. परंतु निर्यातीची दारे उघडू लागली, तेव्हा परदेशी ग्राहकाने लाल दाण्याची मागणी केली. फळ फोडून दाखवल्यावर आत रंग हवा, ही अट झाली. तेव्हा संशोधकांना लाल रंगासाठी शोध घ्यावा लागला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर रशियातून आलेल्या ‘गुल-ए-शाह रेड’ या वाणाशी करण्यात आला. हे परदेशी फळ गडद लाल होते. पण आंबट आणि कठीण बीचे होते. या संकराच्या पुढील पिढीतून मऊ बी आणि लाल रंग एकत्र असलेली झाडे निवडण्यात आली. १९९४ मध्ये ‘मृदुला’, २००३ मध्ये ‘आरक्ता’ आणि त्याच सुमारास ‘भगवा’ हे वाण प्रसारित झाले.

म्हणजे घडले असे : आळंदीत रंग होता आणि बी कठीण होती. मऊ बीसाठी गणेश निवडला गेला. त्या सौद्यात रंग हातचा गेला. मग तोच रंग परक्या देशातील, तितक्याच कठीण बीच्या फळाकडून परत आणावा लागला. गणेशची निवड ते मृदुलाचे प्रसारण, या दोन घटनांमध्ये ५८ वर्षांचे अंतर आहे. यात संशोधकांचा दोष दाखवण्याचा हेतू नाही. त्यांनी हाती घेतलेले काम उत्तम रीतीने पूर्ण केले. मुद्दा इतकाच, की १९३६ मध्ये बिनमहत्त्वाचा वाटलेला गुण पुढे निर्यातीची पहिली अट ठरला. आज ज्याला बाजारात मोल नाही, त्याला उद्या मोल येणारच नाही, असे छातीठोकपणे सांगणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे.

भगव्याने शेतकऱ्याला समृद्धी दिली, हे निर्विवाद आहे. त्याची साल जाड आणि तकतकीत असल्याने दूरच्या प्रवासात फळ टिकते. दाणा लाल, रसाळ आणि बी मऊ. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या वाणाची पुण्याई मोठी आहे. परंतु भगव्याचा प्रसार होत होता त्याच काळात ‘तेल्या’ हा जिवाणूजन्य रोगही महाराष्ट्रातील बागांत फैलावला. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि विक्रीयोग्य राहत नाही. ढगाळ, दमट हवा आणि पावसाचे उडणारे थेंब यांनी रोग पसरतो. रोगट बागेतील कलमे आणि छाटणीच्या कात्र्याही तो वाहून नेतात. म्हणूनच पावसाळ्यात वाढणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जाऊ लागला. लागवडीखालील कोणताही वाण या रोगापासून पूर्णपणे मुक्त नाही आणि जुना वाण म्हणजे रोगमुक्त वाण, असा समज करून घेणेही चूक ठरेल.

तरीही या ठिकाणी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. भगव्याची प्रत्येक बाग म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. एक प्रत ज्या रोगाला बळी पडते, त्या रोगाला दुसरी प्रतही बळी पडू शकते. बँकांना एकाच ऋणकोला किती कर्ज द्यावे, यावर मर्यादा घालून दिलेली असते. तो ऋणको अप्रामाणिक आहे म्हणून ही मर्यादा नसते. प्रामाणिक माणसाचाही काळ फिरू शकतो, म्हणून ती असते. जाणती पेढीही सारा माल एकाच गिऱ्हाइकाच्या उधारीवर सोडत नाही. फळबागेच्या बाबतीत मात्र संपूर्ण पट्ट्याने आपली जमीन, पाणी, कर्ज आणि बाजारपेठ एकाच नावाच्या खाती लिहिली आहे. डाळिंबाची बाग उत्पादनावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. रोग आला, तर झाड काढून टाकता येते, परंतु कर्जाचा हप्ता काढून टाकता येत नाही. बागायतदाराचा हप्ता थकला, की गावातील खतांचे दुकान, कापडाचे दुकान आणि अडत्याची पेढी यांच्या वह्यांतही त्याची सावली पडते.

विसरलेली फळे जपण्याचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर दोन उदाहरणांतून मिळते. पहिले इंग्लंडचे. तेथील वूस्टर शहराच्या नावाची ‘ब्लॅक वूस्टर’ ही नाशपाती शतकानुशतके प्रसिद्ध होती. वूस्टरशायर क्रिकेट संघाच्या बोधचिन्हात नाशपातीची तीन काळी फळे आहेत, ती याच फळाची खूण. काळपट सालीचे, दगडासारखे कठीण, कच्चे खाता न येणारे हे फळ हिवाळाभर टिके आणि मंद आचेवर शिजवून खाल्ले जाई. मऊ, रसाळ नाशपाती बाजारात आल्या आणि या फळाचे दिवस सरले. परंतु ते नष्ट झाले नाही. केंट परगण्यातील ब्रॉगडेल येथे इंग्लंडचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तेथे नाशपातीचे पाचशेहून अधिक आणि सफरचंदाचे दोन हजारांहून अधिक वाण जिवंत झाडांच्या रूपाने जोपासले जातात. बाजारात विकले न जाणारे फळही राष्ट्राच्या संग्रहात असावे, असे त्या देशाला वाटले.

दुसरे उदाहरण सोलापूरचे आहे. तेथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले. या केंद्राने ‘सोलापूर लाल’ हा संकरित वाण विकसित केला. त्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व यांचे प्रमाण अधिक आहे. त्याच्या वंशावळीत भगवा आणि गणेश आहेतच. पण हिमालयाच्या पायथ्याशी रानात वाढणारे ‘दारू’ नावाचे रानडाळिंबही आहे. हे फळ लहान आणि आंबट असून त्याचा मुख्य उपयोग अनारदाण्यासाठी होतो. बाजाराच्या कोणत्याही पायरीवर त्याला जागा मिळाली नसती. तरी नवा वाण घडवताना त्याचे रक्त उपयोगी पडले. रानात ते टिकून राहिले होते, म्हणूनच ते हाताशी आले. आळंदी हे रानातले झाड नव्हते. ते बागेतले होते आणि बागेतले झाड माणसाने लावले तरच टिकते.

या बाबतीत व्यापारी कुटुंबांना करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार खर्चही लागत नाही. लोणी भापकर, मोरगाव, सासवड, वडकी या पट्ट्यात अनेक जैन कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांशी देण्याघेण्याचा संबंध आहे. जुन्या वाड्याच्या परसात, विहिरीच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर एखादे जुने डाळिंब उभे असते. फळ मध्यम, दाणा गडद, बी कठीण म्हणून त्याकडे कोणी फिरकत नाही. असे झाड आढळले, तर ते तोडण्यापूर्वी त्याची दोन-चार गुटी कलमे बांधून घ्यावीत. फळाचा आकार, सालीचा आणि दाण्याचा रंग, चव, बीचा कठीणपणा आणि बहाराचा काळ यांची नोंद करून ती राहुरीच्या कृषी विद्यापीठाला किंवा सोलापूरच्या केंद्राला कळवावी. झाड आळंदीचेच आहे की अन्य कोणत्या बीजू डाळिंबाचे, हे तज्ज्ञच ठरवतील. कळवण्याचे काम मात्र झाडाजवळ राहणाऱ्यालाच करावे लागेल. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांची नोंदणी करण्याची तरतूद केलेली आहे. असे वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांचा त्या कायद्याखालील प्राधिकरणाकडून सन्मानही केला जातो.

गणेशखिंडच्या ज्या बागेत आळंदीतून गणेश निवडला गेला, तिला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. बाग सुरक्षित राहणे हे उत्तमच; परंतु वारसा एका कुंपणाच्या आत ठेवून भागत नाही. संस्थानच्या संग्रहाबरोबर शेतकऱ्याच्या बांधावरही त्याची एक प्रत असावी, म्हणजे एक गमावली तरी दुसरी उरते. हिशेबाच्या महत्त्वाच्या वह्यांची एक प्रत दुकानात आणि एक घरी ठेवण्याची सवय ज्या कुटुंबांना आहे, त्यांना याचे कारण वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

आळंदीच्या फळाने पुन्हा बाजार काबीज करावा, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. कठीण बीचे फळ आजचा ग्राहक घेणार नाही आणि शेतकऱ्याने त्यासाठी आपली बाग पणाला लावावी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परसात एक किंवा दोन झाडे एवढीच जागा त्याला पुरेशी आहे. त्याची फळे उतरली, की दाण्यांचा रस काढून गाळून घ्यावा. बी कठीण असली तरी रसाला त्याची अडचण नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास झाडावर फळे असतील, तर मुलांना एक फळ फोडून दाखवावे आणि सांगावे, की बाजारातल्या भगव्याची ही आजी आहे.